आईच्या पॅनवरची कमाई

रेशनकार्डाची झेरॉक्स शोधताना मला आयकर खात्याचा लिफाफा सापडला. त्याच्याखाली आणखी दोन होते. तिन्ही आईच्या नावाचे आणि तिन्ही न फोडलेले. आईने ते बाजाराच्या फायलीत ठेवले होते, ओट्याचा परवाना आणि पालिकेच्या पावत्यांच्या मध्ये, नीट कडेला कड जुळवून.

आई लालबागला मासळी विकते. माझ्या जन्माच्या आधीपासून ती एकाच ओट्यावर बसते. बाजाराची इमारत पाडून नवी बांधणार, अशी कुजबुज गेली दोन वर्षं बाजारात चालू आहे आणि जुन्या बायकांना परत जागा मिळेल की नाही हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. त्यामुळे सरकारी शिक्का असलेला कुठलाही कागद आला की आईच्या लेखी तो ओट्याचाच.

"आये, हे कधी आले?"

"पयला गणपतीच्या आधी. मंग दिवाळीत. तिसरा आता शिमग्याला."

"आणि मला दाखवले नाहीस?"

"ओटा काढून घेतात वाटलं. तुला कशाला ताप? तू दिवसभर डोलं फोडतो त्या काम्पुटरमदी."

म्हणजे सहासात महिने ती एकटीच हे गिळून बसली होती. मला मग एक गोष्ट उलगडली. दिवाळीपासून ती आपला कोयता आणि फळी रोज संध्याकाळी घरी आणत होती. पूर्वी ती ओट्याखालच्या पेटीत ठेवून कुलूप लावायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली होती, चोऱ्या वाढल्यात. खरं कारण असं, की एके सकाळी बाजाराला टाळं दिसलं तर निदान हत्यारं तरी आपल्याकडे राहावीत. मी ते म्हातारपणाचं खूळ समजून सोडून दिलं होतं.

मी लिफाफे फोडले. पहिल्या पत्राची भाषा सौम्य होती, दुसऱ्याची कोरडी. तिसऱ्यात लिहिलं होतं की आपल्याला व्यावसायिक सेवांपोटी मिळालेलं उत्पन्न आपण विवरणपत्र भरून दाखवलेलं नाही, त्यावर कारवाई का करू नये याचा खुलासा करा. खुलाशाच्या मुदतीला नऊ दिवस उरले होते. माझा चेहरा उतरला असणार, कारण आई हातातलं काम टाकून जवळ आली.

"ओटा जातो काय रं?"

"नाही. ओट्याचं नाहीये हे."

"मंग मरू दे," ती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळी हसली. मग तिने भाकरीचा तवा ठेवला.

आता जे सांगायचं ते माझ्या शहाणपणाचं आहे, तेव्हा लवकर उरकतो.

आम्ही शीव कोळीवाड्यातले. बाप खाडीत मासेमारी करायचा. आमच्यात मिळकत बाईच्या हातात द्यायची रीत आहे. पुरुष मासळी आणतो, बाई ती विकते आणि पैसा बाईकडेच राहतो. बापाला बसभाड्यालाही आईपुढे हात पसरावा लागे आणि त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. वाड्यात एखाद्याने बायकोला पैसे दिले नाहीत तर त्याच्याविषयी बोलताना लोक आवाज खाली घेतात. बाप जाऊन बारा वर्षं झाली. मी जाळं कधी हातात धरलं नाही. गिरगावात एका फोटो लॅबमध्ये नोकरी करतो, आणि पगार झाला की घरखर्चाचे पैसे आईला देतो. सगळा पगार नाही, घरखर्चाचे.

चारेक वर्षांपूर्वी मी बाहेरचं काम घेऊ लागलो. एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर परदेशी लोक काम टाकतात, आपण ते करून पाठवायचं. माझ्या वाट्याला आलं ते घरं विकणाऱ्यांचं काम. विकायच्या घराच्या फोटोतून राहत्या माणसांच्या खुणा पुसायच्या. कुणाची औषधांची बाटली, दारातलं कुत्रं, भिंतीवरचे लग्नाचे फोटो. घर असं दिसलं पाहिजे, की तिथे कधी कुणी राहिलंच नाही. संध्याकाळी दोनतीन तास बसलो तरी महिन्याकाठी पगाराच्या निम्मे सुटायचे.

लॅबमधल्या माझ्या शेजारच्या टेबलवाल्याने अक्कल दिली. "तुझा पगार आधीच टॅक्सच्या पट्ट्यात आहे रे. हे वरचे आईच्या नावावर घे ना. तिची कमाई कुठे कागदावर आहे? आणि तुमच्यात तर सगळा पैसा बाईकडेच असतो, कुणी विचारलं तर सांगायला पण बरं."

मला ते फार पटलं. कर वाचणार होता आणि वर रीत पाळल्याचं पुण्य मिळणार होतं. प्लॅटफॉर्मवर आईच्या नावाने, आईच्या पॅनवर खातं उघडलं. ओळख पटवण्यासाठी फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसून मान डावीकडे, मग उजवीकडे वळवायची होती. आई अंबाड्यावर वेणी माळून बसली.

"कंच्या लग्नाला जायचं हाय?" तिने विचारलं.

"लग्न नाही गं. माझी बाहेरची कमाई आता तुझ्या नावावर येणार."

तिचे डोळे भरून आले. बाप गेल्यावर तिच्या हातात असा पैसा कुणी दिलाच नव्हता. क्षणभर मला माझीच लाज वाटली, पण तेवढ्यात ओटीपी आला.

बँकेतही तिच्याच नावाने नवं खातं काढलं. मोबाइल नंबर माझा दिला, म्हणजे तिला त्रास नको. परदेशातली गिऱ्हाइकं माझ्या आईला पत्रं लिहू लागली. मॅडम, तुमचा हात फार सफाईचा आहे. मॅडम, तुम्ही वेळेच्या किती पक्क्या. मी ती वाचून दाखवायचो आणि ती तोंडाला पदर लावून हसायची. प्लॅटफॉर्म थोडा कर कापूनच पैसे पाठवत असे, तो कापलेला कर तिच्या पॅनवर सरकारकडे दिसत होता, आणि विवरणपत्र भरायचं असतं याचा विचार मी मुद्दामच केला नाही. मला वाटलं, एवढ्या मोठ्या शहरात एका कोळणीच्या नावावर कोण कशाला बघेल.

आणि हेही सांगून टाकतो. दर महिन्याच्या शेवटी मी ते पैसे माझ्या खात्यात वळवत होतो. कर्जतला एक वन रूम किचन बुक केलं होतं, माझ्या एकट्याच्या नावावर. आईला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या हिशेबी तिच्या नावावर चार वर्षांची माझी कमाई जमून होती. दंड भरावा लागेल, व्याज लागेल, याची धास्ती होतीच. पण खरी भीती मला तिच्यापर्यंत ती गोष्ट पोचेल याची होती.

दादरला फुलबाजाराच्या मागे एक वयस्क अकाउंटंट बसतात. त्यांनी तिन्ही पत्रं दोनदा वाचली. पंखा लावला, मग बंद केला.

"काम कोण करतं?" त्यांनी विचारलं.

"आई."

"आई फोटोंचं काम करतात? कॉम्प्युटरवर?"

"शिकवलंय मी."

त्यांनी पत्रं घडी घालून बाजूला ठेवली. "हे बघा, तुमचं उत्पन्न असेल तर तसं सांगा. तुमच्या पगारात मिळवतील, कर जास्त बसेल, दंडही बसेल. महाग पडेल, पण एकदाच पडेल. आईंचं म्हणालात आणि उद्या कुणी खोलात गेलं, तर उत्तर तुम्हाला द्यायचं नाही. त्यांना द्यायचंय."

"आईच करते," मी पुन्हा म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि टाइप करायला घेतलं. खुलासा गेला, आईच्या नावाने कर आणि व्याज भरलं, आणि सगळं शांत झालं.

ती शांतता मला मानवली नाही. लॅबमध्ये फोन वाजला की मी तो जिन्यात जाऊन घ्यायचो. दारावर पोस्टमन दिसला की मी आधी आईच्या तोंडाकडे बघायचो. ती मात्र खुशीत होती, कोयता पुन्हा बाजाराच्या पेटीत राहू लागला होता. बाजारातल्या बायकांना ती सांगत सुटली होती की पत्रं ओट्याची नव्हती, पोराच्या कमाईची होती, सरकारसुद्धा आता आपल्याला विचारतं. तिने असं सांगू नये असं मला फार वाटायचं. पण सांगू नको म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं.

खुलासा गेल्यावर एकविसाव्या दिवशी अकाउंटंटचा फोन आला. "जबाब घ्यायचाय त्यांना. तुमचा नाही. आईंचा. व्हिडिओवर."

मग मी जे केलं त्याची मला आजही किळस येते. रविवारी दुपारी आईला लॅपटॉपसमोर बसवलं आणि तिच्या हाताखाली माउस दिला. निदान काम कसं दिसतं हे तरी ठाऊक असावं म्हणून. डोळे झाकून पापलेटाचे तुकडे करणारा तिचा हात माउसवर अडखळत होता. पडद्यावर एका परक्या घराचं अंगण होतं आणि पायरीवर एक तपकिरी कुत्रं बसलं होतं. मी तिचं बोट धरून ते पुसायला लावलं. आधी कान गेले, मग धड, मग शेपटी.

"कुटं गेलं?" तिने विचारलं.

"गेलं. पुसलं आपण."

"आनि त्याचा धनी काय बोलल?"

"त्यानेच सांगितलंय पुसायला."

ती त्या रिकाम्या पायरीकडे बघत बसली. मग माउस बाजूला सारून म्हणाली, "खोटं बोलायचं हाय काय मना?"

"खोटं नाही गं. त्यांनी विचारलं, फोटोंचं काम तुम्ही करता का, तर हो म्हणायचं. बस्स. हिंदीत विचारतील. 'हां' म्हणायचं आणि गप्प बसायचं."

"तुला तरास होईल काय नाय बोलली तर?"

"होईल."

"मंग बोलतंय," ती म्हणाली. पुढचे तीन दिवस ती भांडी घासताना स्वतःशी 'हां' म्हणून बघत होती.

जबाब गुरुवारी होता. गुरुवारी धंदा मंद असतो, त्यामुळे तिने ओटा शेजारणीवर सोपवला आणि दुपारी आम्ही दादरला गेलो. लग्नाकार्यात नेसते ते हिरवं लुगडं ती नेसली होती, हातात पाटल्या. अकाउंटंटनी तिला 'या बसा ताई' म्हणून स्वतःची खुर्ची दिली. मला भिंतीकडे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा ठिकाणी उभं केलं. हल्ली आयकर खात्यातला अधिकारी समोर येत नाही, तो कुठल्या शहरात बसलाय हेही आपल्याला कळत नाही. पडद्यावर एका चौकोनात आई होती. दुसरा चौकोन काळा होता आणि त्यातून आवाज येणार होता.

आवाज बाईचा निघाला. पहिल्या वाक्यालाच तिने विचारलं, "मावशी, मराठीत बोलू या का?"

अकाउंटंटना बरं वाटलं. मला मात्र ते नको होतं. हिंदीत आई 'हां' म्हणून थांबली असती. मराठीत बाई मायेने बोलली तर माझी आई कुणाशीही तासभर बोलते, तिचा निम्मा धंदा त्यावरच चालतो.

"तुम्ही काय काम करता?"

"म्हावरं इकते. लालबागला."

"आणि फोटोंचं काम?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. "हां," ती म्हणाली. हिंदीतलंच म्हणाली, पाठ केलेलं.

"ते कधी करता? बाजार सुटल्यावर?"

"हां."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मावशी, घाबरू नका. मला फक्त समजून घ्यायचंय. हे पैसे तुमच्या खात्यात कसे येतात?"

आणि आईला वाटलं, हे तर आपल्याला चांगलं येतं. ती खुर्चीत पुढे सरकली. तिच्या आवाजात बाजारातला ठसका आला.

"आमच्यात तशी रीतच हाय, बाई. पुरुष कमावतो आनि बाईच्या हातात देतो. माज्या सासऱ्याने सासूला दिला. माज्या मानसाने मना दिला. आता पोर देतो. आजकाल कोन देतं? पन माजा पोर देतो. पै न् पै माज्या नावावर."

अकाउंटंटनी डोळे मिटले. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं होतं आणि काही सांगितलं आहे हे तिच्या गावीही नव्हतं. तिला अभिमान वाटत होता. मला वाटलं, निदान इथे तरी हे थांबावं. माझं उत्पन्न म्हणून लिहा, दंड लावा, काय वाटेल ते करा, पण आता पुढचं विचारू नका.

"छान आहे तुमची रीत," पलीकडची बाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "मग या खात्यातून पैसे तुम्ही काढता?"

"अजून नाय काढलं. लागले तर काढीन."

"खात्याचं कार्ड कुणाकडे असतं?"

"त्याच्याकडे."

"बँकेचे मेसेज कुणाच्या फोनवर येतात?"

"त्याच्याच."

"दर महिन्याला यातले जवळजवळ सगळे पैसे मुलाच्या खात्यात जातात. ते कशासाठी, माहितीय तुम्हाला?"

बाहेर फुलांचे भाव ओरडून सांगणारा एक माणूस होता, त्याचा आवाज त्या खोलीत स्पष्ट येत होता. मग आई सावकाश वळली आणि भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्याकडे तिने बघितलं. चौकोनात आता तिचा फक्त अंबाडा दिसत असणार.

"किती हायत रं खात्यात?" तिने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. चार वर्षं बोललोच होतो. पण तिने इतक्या साधेपणाने विचारलं, जणू मी पिशवीतून किती अंडी आणली हे विचारत होती.

"अकराशे चाळीस," मी म्हणालो.

"हजार?"

"नाही आये. अकराशे चाळीस रुपये."

ती पुन्हा कॅमेऱ्याकडे वळली. पाटल्या मागे सारून तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "बाई, लिवा," ती म्हणाली. "फोटोचं काम मना येत नाय. काम त्याचं, पैसा त्याचा. माज्या हातात कंदी आलाच नाय."

पलीकडच्या बाईने ते तिला वाचून दाखवलं. आईने बरोबर आहे म्हणून सांगितलं आणि काळा चौकोन निघून गेला.

आता ते सगळं उत्पन्न माझ्या नावावर धरलं जाणार आहे. अकाउंटंट म्हणतात, पत्र कधीही येईल, आणि दंड किती असेल त्याचा अंदाज करत बसू नका. कर्जतच्या घराचे हप्ते थकलेत, ते बहुतेक सोडावं लागेल. प्लॅटफॉर्मवरचं आईचं खातं मी बंद केलं. एका परदेशी बाईने तिला शेवटचं पत्र पाठवलं होतं, मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना म्हणून. ते मी वाचून दाखवलं नाही.

त्या गुरुवारी दादरहून आम्ही बसने परतलो. आईने दोघांचं तिकीट काढलं. माटुंगा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग तोंड न वळवता म्हणाली, "कुटं गेले पैसे?"

मी कर्जतचं सांगितलं. एक खोली, स्वयंपाकघर, खिडकीतून डोंगर दिसतो वगैरे. डोंगराचं का सांगितलं, देव जाणे.

"कोन रानार तिथं?"

"मी."

तिने मान हलवली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. शीव आल्यावर आम्ही उतरलो, आणि रस्ता ओलांडायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "तुजा बाप पन दडवायचा. रोज बिडीपुरतं. मना ठावं होतं किती."

सिग्नल सुटला आणि ती माझ्यापुढे चालू लागली.